आधी मोथा फसवतो

लव्हाळ्यांवर काम करायचं ठरलं तेव्हा पहिला नमुना म्हणून मी घरामागचा नागरमोथा उपटला. ओळखीचा, कुठेही मिळणारा. त्याचं फळ मायक्रोस्कोपखाली बघायचं होतं. दोन संध्याकाळी सुईने एकेक खवला उचकटत बसले, आत काहीच नाही. वाटलं, आपलाच हात जड आहे. तिसऱ्या दिवशी मला शिकवणाऱ्या मॅडमना सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. "अगं, मोथ्याला पिकलेलं फळ क्वचित धरतं. तो गाठींवर जगतो!" अख्खा गाव ज्याला ओळखतो, शिकायला नेमका तोच सगळ्यात वाईट.

जगात लव्हाळ्याच्या कुळातल्या साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत आणि लांबून बहुतेक सगळ्या गवतच दिसतात. पहिली पारख डोळ्यांनी करण्यापेक्षा बोटांनी करा. दांडा चिमटीत धरून फिरवा. गवताचा दांडा गोल, बहुधा पोकळ आणि पेरांचा. लव्हाळ्याचा बहुतेक वेळा तिधारी, आतून भरीव, वर कुठेही पेर नाही. पानाची खोळ गवतात एका बाजूने उघडी असते, लव्हाळ्यात नळीसारखी बंद. पण तिधारी दांड्यावर फार विसंबू नका. एलिओकॅरिस नावाच्या लव्हाळ्यांचे दांडे बरेचदा गोल असतात, पान नावालाही नसतं, टोकाला एकच कणीस. सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, नवीन माणूस आणखी एका ठिकाणी हमखास फसतो. गेंद, म्हणजे इरिओकॉलॉन, लव्हाळ्यांच्याच पाणथळीत उगवतं आणि वहीत चुकून लव्हाळा म्हणून जातं.

माझा पहिला पावसाळा वाया गेला. जुलैत उत्साहाने साठ-सत्तर नमुने आणले, सगळे वरून खुडलेले, सगळे कोवळे. मॅडमनी गठ्ठा चाळला आणि म्हणाल्या, "हा चारा झाला." फार लागलं ते. पण त्यांचंच बरोबर होतं. जमिनीखाली गाठ आहे, आडवं खोड आहे की नुसती तंतुमुळं, हे कळल्याशिवाय निम्म्या जाती पुढे सरकतच नाहीत. खुरपं न्या, मुळासकट काढा, माती ओढ्यातच धुवा, आणि गाठ चुरगळून वास घ्या. मोथ्याचा वास तर सगळ्यांना माहीत आहे, पण किलिंगा या लव्हाळ्याच्या काही जातींनाही छान सुगंध असतो. तो वहीत लिहून ठेवा, कागदात वाळल्यावर राहत नाही.

नमुने गोळा करायला ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा काळ चांगला. जागेचं म्हणाल तर थेट कास पठारावर धावू नका. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय काडीही उचलता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मी सगळ्यात जास्त शिकले ते भातखाचराच्या बांधावर. भांगलणाऱ्या बायकांनी उपटून टाकलेल्या ढिगात सायपेरस इरिया, सायपेरस डिफॉर्मिस आणि फिम्ब्रिस्टायलिस लिटोरॅलिस ही तिन्ही मुळासकट, पिकलेली मिळाली. इरियाची कणसं मोकळी, पिवळसर. डिफॉर्मिसचे गच्च गोळे. लिटोरॅलिसचा बुडखा चपटा, पंख्यासारखा. त्या बायका तिन्हींना लव्हाळाच म्हणत होत्या, पण कुठला अलगद निघतो आणि कुठला बुडाशी तुटतो हे त्यांना न बघता कळत होतं.

खरं काम टेबलावर. सायपेरसच्या एका कणिशिकेत, म्हणजे कणसातल्या छोट्या कणसात, फुलं खालून वर उमलत जातात. त्यामुळे बुडाशी पिकलेलं फळ आणि शेंड्याला ताजी कुक्षी (फुलाचं पराग झेलणारं टोक), असं दोन्ही एकाच कणिशिकेत मिळतं. नमुना निवडताना हेच शोधा. कुक्षीचे फाटे दोन की तीन, ते वर मोजायचं. फळ चपटं की तिधारी, ते खाली बघायचं. खवले दोन रांगांत असतील तर सायपेरसचा गोतावळा, मळसूत्रासारखे फिरत गेले असतील तर बहुधा फिम्ब्रिस्टायलिस किंवा त्याचे भाऊबंद. बल्बोस्टायलिसच्या फळावर शेंड्याला इवलंसं बटण चिकटून राहतं. फिम्ब्रिस्टायलिसमध्ये कुक्षीची दांडी बुडासकट गळून जाते. हा फरक दहापट भिंगातून जेमतेम दिसतो. वीसपट भिंग घ्याच.

फिम्ब्रिस्टायलिस डायकोटोमाचं फळ मी पहिल्यांदा नीट पाहिलं तो दिवस आठवतो. मिलिमीटरभर, फिकट, दोन्ही बाजूंनी फुगीर. प्रकाश तिरका पाडला आणि त्यावर उभ्या धारा उठल्या, दोन धारांमध्ये बारीक आडव्या पट्ट्या, शिड्यांच्या रांगा लावाव्यात तशा. वरून उजेड असताना तेच फळ नुसतं पांढुरकं खडबडीत दिसत होतं. तेव्हापासून दिवा हाताने हलवल्याशिवाय मी फळाबद्दल काही लिहीत नाही.

नावांचा गोंधळ तुम्हालाही होणार. वनस्पतीशास्त्रज्ञ कुकच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरात, म्हणजे वनस्पतींची नोंद करणाऱ्या ग्रंथात (१९०१ ते १९०८), पाइक्रियस, जंसेलस, मॅरिस्कस, किलिंगा या वेगळ्या प्रजाती (जीनस) आहेत. आता त्या सगळ्या सायपेरसमध्ये घेतात. मी तरी ओळखताना जुनी नावंच मनात धरते, कारण ती फळाच्या आकाराला बांधलेली आहेत. पाइक्रियस म्हटलं की दोन फाट्यांची कुक्षी आणि कडेने कणिशिकेच्या मधल्या काडीला टेकलेलं चपटं फळ डोळ्यासमोर येतं. लेबलवर मात्र नवं नाव.

ओळखीची किल्ली (की) लावून जात निघाली तरी हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहातली, शीट समोर ठेवून ताडून बघा. पुण्यात बीएसआय (बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया) आहे, मुंबईत सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम आहे. आधी पत्र पाठवून वेळ घ्या. जुन्या शीट्सना किडीसाठी मर्क्युरिक क्लोराइड लावलेलं असू शकतं, तेव्हा हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नका. त्या शीटवरचं फळ स्वतःहून काढायचं नाही. शीटला चिकटवलेल्या पुडीत गळालेली फळं असतात, तीही विचारूनच.

पावसाळ्यात नमुने वाळवायचे कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. पिकलेली फळं वेगळ्या पुडीत ठेवा आणि पुडीवर नमुन्याचा क्रमांक लगेच टाका, चहा पिऊन आल्यावर नाही. माझ्याकडे अजून अकरा पुड्या बिनक्रमांकाच्या आहेत. त्यातल्या एकीत स्क्लेरिया या लव्हाळ्याचं चिनीमातीसारखं पांढरंशुभ्र, चकचकीत फळ आहे. ते कुठल्या ओढ्यावरचं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.