नाशिकहून मालवणला कॅमेरा घेऊन डाइव्हला जाताय? बारके जीव टिपताना या चुका टाळा

दिवाळीनंतर आपल्याकडची बरीच मंडळी तारकर्ली-मालवणला स्कूबा डाइव्हिंगला जातात, परत आली की मला फोटो दाखवतात, आणि तक्रार जवळपास ठरलेली, की ताई खाली बारकं काही दिसलंच नाही आणि जे दिसलं ते सगळं ब्लर आलं, आता कॅमेरा कुठला घेऊ ते सांगा. मी कॅमेऱ्याचं नंतर बघते, आधी विचारते की पाण्यात खाली जायला कमरेला शिशाचं वजन किती किलो बांधलं होतं. कारण माझा अनुभव असा आहे की मॅक्रो फोटो, म्हणजे बारक्या जीवांचा अगदी जवळून काढलेला फोटो, बिघडतो तो बहुतेक वेळा डाइव्हिंगमुळे, कॅमेऱ्याचा नंबर फार नंतर लागतो.

पहिली गोष्ट, इन्स्ट्रक्टर मागून धरून नेतो ती ट्राय डाइव्ह, तिथे फोटोग्राफीचा हट्ट करू नका. ओपन वॉटर कोर्स करा (डाइव्हिंगचा पहिला कोर्स, त्यावर 18 मीटरपर्यंत जाता येतं) आणि त्यानंतरच्या निदान पंधरा-वीस डाइव्ह तरी मोकळ्या हाताने करा. हे ऐकून लोक नाराज होतात पण मी यावर ठाम आहे.

आता वजन. जास्त शिसं बांधलं की पाय खाली जातात, मग वर राहायला बीसीडीत (अंगातल्या हवा भरायच्या जाकिटात) हवा भरायची, मग फिन (पायातले वल्ह्यासारखे पंख) हलवत राहायचं, आणि प्रत्येक फटक्याला तळाचा गाळ उडतो. फोटोत जे पांढरे ठिपके दिसतात ना ते बऱ्याचदा आपणच उडवलेले असतात. वजन तपासायचं ते डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये 50 बार (हवेच्या दाबाचं माप) उरलेले असताना, कारण 12 लिटरच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये जवळपास 3 किलो हवा असते आणि ती संपत जाते तसे आपण हलके होतो. बीसीडी रिकामी करून नेहमीसारखा श्वास घेऊन थांबा, पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं आणि श्वास सोडल्यावर हळूहळू खाली गेलात तर बरोबर आहे.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे कॅमेरा हलू नये म्हणून श्वास रोखणं. जमिनीवर फोटो काढताना आपण हे करतो म्हणून सवय असते. पाण्यात 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, श्वास रोखलेला असताना वर सरकलात की फुफ्फुसातली हवा फुगते, आणि छाती भरलेली असेल तर एक-दीड मीटर वर जाणंसुद्धा फुफ्फुसाला इजा करायला पुरेसं आहे. त्यामुळे श्वास चालूच ठेवायचा, हळू सोडायचा, आणि सोडता सोडता शेवटाला क्लिक करायचं. हे जमायला वेळ लागतो, लागू दे.

काही दिसत नाही म्हणणारे बहुतेक जण पोहतच असतात. बारके जीव शोधायचे तर एका खडकाला वीस मिनिटं द्या, टॉर्च तिरका मारा, आणि जीव शोधण्याआधी त्याचं खाणं शोधा. न्यूडिब्रँक, म्हणजे शंख नसलेली रंगीत समुद्री गोगलगाय, तिच्या बऱ्याच जाती स्पंज नाहीतर पिसासारखे दिसणारे हायड्रॉइड खातात, मग स्पंज सापडला की तिथेच थांबायचं. खडकावर रिबिनीसारखी गुंडाळलेली अंडी दिसली तर गोगलगाय जवळपास असायची शक्यता चांगली. पाणी गढूळ आहे म्हणून हिरमुसू नका, मॅक्रोला चार-पाच मीटर दिसलं तरी भरपूर झालं, आपल्याला बघायचंय ते वीतभर अंतरावरचं.

सापडल्यावर वरून फोटो काढू नका, तिच्या पातळीला या. फोकस डोक्यावरच्या दोन शिंगांवर, ती धूसर आली तर बाकी कितीही शार्प असून उपयोग नाही. झूम करण्यापेक्षा जवळ जा, मधलं पाणी जितकं कमी तितका गाळ कमी दिसतो. सगळं निळं-हिरवं येत असेल तर फ्लॅश लागत नाहीये असं समजा, कारण लाल रंग पहिल्या पाच-सहा मीटरमध्येच बराचसा जातो. स्ट्रोब (कॅमेऱ्याबाहेर लावलेला फ्लॅश) थोडा बाहेरच्या बाजूला वळवा म्हणजे मधल्या कणांवर उजेड कमी पडतो.

आणि जीवाला हात लावून, काडीने सरकवून, उलटं करून फोटो काढायचा नाही, कुणी गाइड म्हणाला तरी नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि समुद्रघोडा, समुद्री काकडी, प्रवाळ हे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. एकदा एका गाइडने माझ्यासाठी खेकडा बिळातून ओढून काढला, मी तो फोटो काढला नाही, आजही त्या खेकड्याचं वाईट वाटतं.

हाउसिंगला (कॅमेऱ्याच्या वॉटरप्रूफ पेटीला) आतून वाफ धरते ती बंद करताना आत राहिलेल्या दमट हवेमुळे. किनाऱ्यावर नाही तर एसी खोलीत बंद करा, सिलिका जेलची पुडी टाका. ओ-रिंगवर (झाकणाच्या रबरी कड्यावर) एक केस अडकला तरी पाणी शिरतं, म्हणून पहिल्या दिवशी रिकामं हाउसिंग बादलीत बुडवून बघा. खाली असताना बुडबुडे सुटताना दिसले तरी वर धावत यायचं नाही, कॅमेरा गेला तर गेला.

सराव नाशिकमध्येच होतो. दिंडोरीकडे कुणाची द्राक्षबाग असेल तर पानामागचा मिलीबग (पिठ्या ढेकूण) टिपायचा प्रयत्न करा, वाऱ्याने हलणाऱ्या पानावर फोकस पकडता आला की लाटेत हलणारी गोगलगाय सोपी जाते.

शेवटी परतीचं, जे आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. नाशिक साधारण 600 मीटर उंचीवर आहे आणि कसाऱ्याने या नाहीतर कोल्हापूरकडून, घाट चढावाच लागतो. डाइव्हनंतर अंगात नायट्रोजन उरलेला असतो, उंचीवर हवेचा दाब कमी झाला की त्याचे अंगात बुडबुडे होऊ शकतात, म्हणून डाइव्हिंगमध्ये 300 मीटरच्या वरची उंची हिशेबात धरतात. विमानासाठी डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डाइव्हिंगच्या सुरक्षिततेवर काम करणारी संस्था सांगते की एका साध्या डाइव्हनंतर निदान 12 तास आणि बऱ्याच डाइव्हनंतर 18 तास थांबा, मी घाटालाही 18 चाच नियम लावते. म्हणजे शेवटची डाइव्ह शनिवारी दुपारी 1 च्या आत, रविवारी सकाळी होडीने किल्ला बघायचा, तोवर कॅमेरा हाउसिंगसकट गोड्या पाण्याच्या बादलीत, आणि दुपारी जेवून गाडी काढायची.