ट्रेक ट्यूब असलेलं बाळ घरी आणताना काय काय तयारी करायची

माझा मुलगा चार महिन्यांचा असताना गळ्यात ट्रेकिओस्टोमीची नळी (श्वासासाठी गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत बसवलेली, तीच ट्रेक ट्यूब) घेऊन घरी आला, त्याआधीचे अकरा आठवडे आमचे आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर गेले होते. डॉक्टर म्हणाले परवा डिस्चार्ज, आणि आम्ही एवढे खूश झालो की घरी सक्शन, म्हणजे मशीनने नळीतला कफ ओढून काढणं, कोण करणार हे कुणी विचारलंच नाही. मला सिस्टरने दोनदा करून दाखवलं होतं, नवऱ्याला तर आत सोडायचेच नाहीत. घरी आल्यावर तिसऱ्या रात्री दोन वाजता लाईट गेली आणि बॅटरीवाली सक्शन मशीन आम्ही चार्जिंगलाच लावली नव्हती. बाळाच्या नळीत कफ गुरगुरतोय आणि मशीन बंद. एका सिस्टरने जाता जाता सांगितलेलं आठवलं म्हणून 50 एमएलची सिरिंज कॅथेटरला, म्हणजे ट्यूबच्या आत घालायच्या बारीक नळीला, जोडून कफ ओढला, वीस मिनिटांनी लाईट आली.

म्हणून कळकळीने सांगते, घरातली दोन माणसं स्वतःच्या हाताने सगळं करून दाखवेपर्यंत डिस्चार्ज घ्यायची घाई करू नका. दोन का, तर एकटी आई चोवीस तास जागू शकत नाही आणि नळी बंद पडली तर एक जण बाळाला धरतो आणि दुसरा सामान देतो, फोन करतो.

डिस्चार्जच्या आधी, हॉस्पिटलमध्येच

डॉक्टरांना स्पष्ट सांगा की जायच्या आधी 24 ते 48 तास बाळाचं सगळं आम्ही दोघं करणार, सिस्टर फक्त बाजूला थांबतील. नाही म्हणाले तर परत विचारा, यात संकोच करू नका. या वेळात सक्शन, नळीच्या पट्ट्या बदलणं, नळी बदलणं आणि अंबू बॅगने (हाताने दाबून हवा द्यायच्या फुग्यासारख्या पिशवीने) श्वास देणं या चार गोष्टी दोघांच्याही हातात बसल्या पाहिजेत. नळी बदलायची सगळ्यात जास्त भीती वाटते, मला तर घाम फुटला होता, पण डॉक्टर शेजारी उभे असताना दोन-तीनदा केली की हात शिकतो.

सक्शनचं थोडं सविस्तर सांगते कारण दिवसातून कितीतरी वेळा तेच करायचं असतं. आधी हात साबणाने धुवायचे. कॅथेटरचा नंबर साधारण ट्यूबच्या साइजच्या दुप्पट, म्हणजे 4 ची ट्यूब असेल तर 8 नंबरचा. किती आत घालायचा ते माप डॉक्टरांकडून घ्या आणि त्या मापाची एक पट्टी कापून बेडजवळ भिंतीला चिकटवून ठेवा, आमच्याकडे अजून आहे. आत घालताना कफ ओढायचा नाही, बाहेर काढताना ओढायचा, आणि सगळं मिळून 5 ते 10 सेकंदांत संपवायचं कारण तेवढा वेळ बाळाला श्वास मिळत नसतो. मशीनचं प्रेशर लहान मुलांना साधारण 80 ते 100 एमएमएचजी ठेवतात, तुमच्या बाळाचं किती ते डिस्चार्ज कार्डवर लिहूनच घ्या. कफ घट्ट झाला, पिवळा-हिरवा दिसला किंवा रक्त आलं तर डॉक्टरांना फोन करायचा.

घराची तयारी

पहिली गोष्ट लाईट. इन्व्हर्टर घेताना मशीनवर लिहिलेले वॅट दाखवून घ्या, 5 लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारी मशीन) साधारण 300-350 वॅट खातो, पंखा-ट्यूबलाईटच्या हिशोबाने घेतलेल्या इन्व्हर्टरवर तो किती वेळ चालेल हे दुकानदाराकडून नीट समजून घ्या. पायाने चालणारी सक्शन मशीनही मिळते, गावाकडे राहत असाल तर ती घ्याच. ऑक्सिजन लागत असेल तर एक भरलेला सिलिंडर बॅकअपला, बी टाइपमध्ये साधारण 1500 लिटर असतो, म्हणजे मिनिटाला अर्धा लिटर लावला तर 50 तास.

मग एक पिशवी, जी बाळ जिथे जाईल तिथे जाणार, अगदी हॉलमधून बेडरूममध्येसुद्धा. त्यात एक त्याच साइजची ट्यूब आणि एक त्याहून लहान, पट्ट्या, कात्री, कॅथेटर, सलाईन, सिरिंज, अंबू बॅग, डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स.

आता नाजूक विषय, आजीचा. आमच्याकडे बाळाला तेल लावून डोक्यावरून गरम पाणी, मग शेक-शेगडी आणि धुरी. सासूबाईंनी दोन्ही मुलींना असंच वाढवलं, त्यांना नाही म्हणणं सोपं नव्हतं. पण नळीतून पाणी थेट फुफ्फुसात जातं, धूर थेट फुफ्फुसात जातो, आणि ऑक्सिजन सुरू असलेल्या खोलीत निखारा म्हणजे आगीला आमंत्रण. त्यांना मी नळीसमोर हात धरायला लावला, बाळाचा श्वास तिथून तळहातावर आला, त्यानंतर त्यांनी स्वतःच देवघरातली उदबत्तीसुद्धा बाहेरच्या ओट्यावर नेली. मालिश मात्र त्याच करतात, मानेच्या खाली, आणि अंघोळ मांडीवर कमरेपर्यंतच्या पाण्याने. पावडर अजिबात नाही.

रोजचं

एक गोष्ट आम्हाला कुणी नीट समजावली नव्हती, ही मुलं बहुतेक वेळा रडली तरी आवाज येत नाही. हवा स्वरयंत्रापर्यंत पोचायच्या आधीच नळीतून बाहेर पडते. तोंड उघडं, चेहरा लाल, डोळ्यांतून पाणी आणि खोली शांत. त्यामुळे बाळ कायम नजरेसमोर हवं, झोपलं की पायाला पल्स ऑक्सिमीटर, अलार्म चालू.

पट्ट्या रोज बदलायच्या, दोघांनी मिळून, आणि बांधल्यावर आत एक बोट जाईल एवढ्याच सैल.

नळी बंद झाल्यासारखी वाटली, म्हणजे छाती आत ओढली जातेय, ओठ निळे पडतायत, तर आधी सक्शन. कॅथेटर आत जातच नसेल तर वेळ न घालवता नळी काढून नवी घालायची, ती जात नसेल तर लहान साइजची, मग अंबू बॅग, आणि दुसऱ्या माणसाने तोवर 108 लावलेला असला पाहिजे. हा क्रम मोठ्या अक्षरात लिहून पाळण्याजवळ लावा, अशा वेळी डोकं चालत नाही.

लसी वेळेवर घ्या, आणि सहा महिन्यांनंतर फ्लूची लस बाळालाही आणि घरातल्या सगळ्यांनाही, डॉक्टरांना विचारून. सर्दी झालेला पाहुणा कितीही जवळचा असला तरी दारातूनच, आम्ही बारसंही व्हिडिओ कॉलवर केलं.

मदत कुठे मिळते

जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत होतात, जिल्ह्याच्या डीईआयसी सेंटरवर (मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर मदत करणारं सरकारी केंद्र) फिजिओथेरपी, स्पीच अशी मदत मिळते, आशाताईंना किंवा सरकारी दवाखान्यात विचारा. बाळाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर होणारा परिणाम) किंवा बहुविकलांगता असं निदान झालं असेल तर नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा बघा, वर्षाला 1 लाखापर्यंत, आणि त्यात ओपीडी आणि थेरपीसुद्धा येते.

आणि घरातल्या घरात पाळी लावा. आमच्याकडे रात्री दहा ते तीन नवरा, तीन ते सकाळ मी, दुपारी दोन तास सासूबाई. पहिले दोन महिने मी कुणावर सोडायलाच तयार नव्हते आणि शेवटी चक्कर येऊन ओट्याशी पडले. मोठ्या मुलीला, ती सहा वर्षांची, मी सगळ्यात उशिरा समजावलं, ती शाळेतून आली की बाहुलीच्या गळ्यात स्ट्रॉ घालून तोंडाने मशीनसारखा आवाज काढायची. आता बाळाच्या नोंदवहीत तारीख तीच लिहिते आणि खाली आम्ही सक्शन किती वेळा, कफ कसा, दूध किती, ताप किती ते लिहितो. फॉलोअपला जाताना तीच वही डॉक्टर आधी मागतात.