जुन्या चित्रातील प्राणी डॉल्फिन की शिंशुक, हे कसे ठरवावे

जुन्या प्राणिचित्राचे पान हाती आले की त्याखालचे नाव आधी हाताने झाकावे. प्राण्यांचे वर्गीकरण करणाऱ्या लिनीअस या शास्त्रज्ञाने १७५८ साली साधा डॉल्फिन (‘कॉमन डॉल्फिन’ ही जात) आणि पॉर्पॉइज, म्हणजेच शिंशुक, या दोघांनाही ‘डेल्फिनस’ या एकाच प्रजातीत घातले होते. तेव्हा त्या काळच्या नावावर विसंबणारा हमखास फसतो.

पहिली नजर शेपटीवर टाकावी. या प्राण्यांची शेपटी आडवी असते आणि बाजूने पाहिल्यास ती जेमतेम एका पट्टीएवढी दिसते. तिचा आकार वाचकाला कळावा म्हणून चित्रकार पुष्कळदा ती पिळून उभी दाखवत, त्यामुळे उभ्या शेपटीला लगेच अज्ञान म्हणू नये. अंगावर खवले असतील, तर मात्र ते चित्र प्राण्यावरून नव्हे, शिल्पांतल्या किंवा कुलचिन्हांतल्या डॉल्फिनवरून काढलेले आहे, असे खुशाल समजावे.

त्यानंतर तोंड पाहावे. साध्या डॉल्फिनची चोच लांब असते आणि कपाळापासून एका खाचेने वेगळी झालेली असते. शिंशुकाचे डोके बोथट असते. पण काही डॉल्फिनांनाही चोच नसते, म्हणून जबडा उघडा दाखवला असल्यास भिंग घेऊन दात तपासावेत. डॉल्फिनचे दात सुळक्यासारखे टोकदार, तर शिंशुकाचे चपटे, फावड्याच्या पात्यासारखे असतात. साध्या शिंशुकाचा पाठीवरचा पर बुटका व त्रिकोणी असतो. बहुतेक डॉल्फिनांचा तो मागे वळलेला असतो.

भिंग हातात आहेच, तर छपाईही पाहून घ्यावी. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती, कागदाच्या कडा कापलेल्या नसतील तर, दाबाची चौकट उमटलेली असते. शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेले, असेल, तर ते चित्र अठराव्या शतकाच्या अखेरीपूर्वीचे असू शकत नाही, कारण ते तंत्रच तेव्हा निघाले. लाकडी ठशांच्या चित्रांत नकलांचा सुळसुळाट आहे. बेलाँ या निसर्गअभ्यासकाने १५५१ साली आणि राँदले या दुसऱ्याने १५५४ साली छापलेली चित्रे गेस्नर या तिसऱ्याने आपल्या प्राणिग्रंथाच्या १५५८ च्या मत्स्यखंडात उचलली. समोरचे चित्र पाहून ते तसेच ठशावर कोरले, की छापताना डावे-उजवे उलटते. म्हणून एकच प्राणी दोन पुस्तकांत विरुद्ध दिशांना तोंड करून दिसला, तर त्यांतले एक नक्कल असल्याचा संशय घ्यावा.

रंगाची साक्ष सर्वांत शेवटी काढावी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही रंग बहुधा छपाईनंतर हाताने भरत, त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रती जुळत नाहीत. शिवाय किनाऱ्यावर मरून पडलेल्या प्राण्याची कातडी लवकर काळवंडते. साध्या डॉल्फिनच्या कुशीवरचा पिवळसर पट्टा नेमका पाठीच्या पराखाली राखाडी पट्ट्याला छेदत असेल, तर चित्रकाराने, किंवा त्याला टिपण पुरवणाऱ्याने, ताजा प्राणी पाहिला असावा.

आता नावावरचा हात काढावा आणि नोंद करताना छापील नाव व आपला निष्कर्ष वेगवेगळ्या ओळींत लिहावा: ‘छापील नाव डॉल्फिन, दातांवरून शिंशुक, रंग हाताने भरलेला, ग्राह्य धरलेला नाही.’