जवानाच्या ब्राँझ पुतळ्याची निगा कशी राखावी

रायगड जिल्ह्यातील माणगाव येथे तहसील कार्यालयासमोर नायक यशवंत घाडगे यांचा पुतळा उभा आहे. त्याच तालुक्यातील पळसगावचे हे 22 वर्षांचे जवान 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, धारातीर्थी पडले. तुकडीतील बाकीचे सारे ठार किंवा जखमी झालेले असताना त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर चाल करून ते मोडून काढले, म्हणून त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आले. आपल्या गावात असा एखाद्या जवानाचा पुतळा असेल, तर त्याची निगा कशी राखावी हे येथे सांगायचे आहे. अशा पुतळ्यांचे पावसाने जेवढे बिघडते, त्याहून अधिक जयंती-पुण्यतिथीच्या आदल्या दिवशीच्या उत्साहाने बिघडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुतळ्याला हात लावण्यापूर्वी तो कोणाच्या ताब्यात आहे हे शोधून ग्रामपंचायतीची किंवा नगरपंचायतीची लेखी परवानगी घ्यावी. नंतर तो कशाचा आहे ते ओळखावे, कारण ब्राँझचा म्हणून सांगितला जाणारा पुतळा पुष्कळदा रंग दिलेल्या फायबरचा किंवा सिमेंटचा निघतो. बोटाने टिचकी मारली असता ब्राँझचा पोकळ पुतळा घणघणतो, फायबरचा बद्द वाजतो; लोहचुंबक मात्र दोहोंनाही चिकटत नाही, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. पुढील कृती ब्राँझसाठीच आहे.

ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबे आणि कथील. उघड्यावर त्याच्या पृष्ठभागावर तपकिरी किंवा गडद हिरवा थर धरतो. तो घट्ट व गुळगुळीत असेल तर तो मळ नसून धातूचे कवच आहे, आणि तो घासून काढणे म्हणजे पुतळा उघडा पाडणे होय. काळजी करायची ती फिकट हिरव्या, पिठासारख्या झडणाऱ्या ठिपक्यांची. ते क्षारांमुळे होतात, आणि खाऱ्या वाऱ्याच्या कोकणात त्यांचा धोका अधिक असतो. असे ठिपके दिसल्यास छायाचित्र घेऊन मूळ शिल्पकाराला दाखवावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे केंद्र आहे, तेथेही विचारणा करता येईल.

वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळा सरल्यावर, पुतळा धुवावा. आधी मऊ केसांच्या कुंचल्याने धूळ झटकावी. पक्ष्यांची विष्ठा सुरीने खरवडू नये, ओल्या फडक्याने भिजवून सैल करावी. मग स्वच्छ गोड्या पाण्यात सौम्य द्रव साबणाचे थोडे थेंब घालून मऊ ब्रशने पुतळा धुवावा, आणि साबणाचा अंशही राहणार नाही इतके पाणी वरून खाली ओतावे. बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्यास ते वापरू नये. सुती फडक्याने पुसून पुतळा पूर्ण कोरडा झाल्यावर, सकाळच्या उन्हात धातू कोमट असताना, रंगहीन मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (खनिज तेलापासून काढलेल्या बारीक कणांच्या मेणाचा) पातळ हात द्यावा आणि तासाभराने कोरड्या कापडाने चमक येईपर्यंत चोळावे. घड्या, बोटांच्या फटी आणि पट्ट्यांचे कोपरे येथे मेण साचू देऊ नये.

आता जे मुळीच करू नये ते. पितळेच्या भांड्यात ताक का ठेवत नाहीत हे घरोघर ठाऊक आहे, ते कळकते. दुधाचा अभिषेक केल्यावर पुतळ्याच्या पृष्ठभागावर तेच घडते, शिवाय दूध फटींत आंबून बसते. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर आणि तारेची घासणी वर्ज्य समजावी. ओले हार त्याच संध्याकाळी उतरवावेत आणि हळद-कुंकू चौथऱ्यापुरतेच ठेवावे. सर्वांत वाईट म्हणजे सोनेरी ऑइल पेंट: त्याखाली ओल अडकते, चेहऱ्यावरचे बारीक काम बुजते, आणि व्हिक्टोरिया क्रॉससारखे मुळात ब्राँझचेच असलेले पदक खोट्या सोन्याचे दिसू लागते. पूर्वीचा रंग असल्यास तो स्वतः खरवडू नये.

पुतळ्याचे आयुष्य मात्र बाहेरच्या झिलईपेक्षा त्याला आतून धरून ठेवणाऱ्या लोखंडी आधारावर अवलंबून असते. ब्राँझ आणि लोखंड ओल्यात एकमेकांना टेकले की लोखंड झपाट्याने गंजते, म्हणून पायाशी तांबूस ओघळ दिसताच अभियंत्याकडून नटबोल्ट व आधार तपासून घ्यावेत. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा पुतळा 4 डिसेंबर 2023 रोजी अनावरण होऊन 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला, तेव्हा गंजलेल्या नटबोल्टचा प्रश्न सर्वत्र चर्चेला आला होता. पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी ठेवावीत, आणि चौथऱ्याच्या सांध्यात उगवलेले पिंपळाचे रोप बोटभर असतानाच मुळासकट काढावे.

शेवटी नामफलक. अक्षरे पुन्हा रंगवताना जुना मजकूर डोळे झाकून गिरवू नये. पद, पलटण, पदक आणि तारीख पडताळावी. ‘नायक’ हे लष्करी पद आहे, गौरवाचे विशेषण नव्हे, हे न कळल्याने ते गाळले किंवा ‘महानायक’ केले जाण्याचा धोका असतो. घाडगे यांच्या फलकावर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन असे यायला हवे. त्यांची कबर ज्ञात नाही, त्यांचे नाव इटलीतील कॅसिनो स्मारकावर कोरलेले आहे. दुसऱ्या महायुद्धातील अशा जवानांचा तपशील राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत मिळतो, तो छापून घेऊन रंगाऱ्याच्या हातात द्यावा.