पाटलिपुत्रातला खून: मौर्यकालीन रहस्यकथा कशी रचावी

प्राचीन काळातली खूनकथा लिहिणारे बरेच जण प्रेतापासून सुरुवात करतात आणि तिसऱ्या प्रकरणात अडकतात. ठसे नाहीत, फोन नाहीत, मग शोध लावायचा कशाच्या जोरावर? शेवटी एखादे अंतर्ज्ञानी मुनी येतात, डोळे मिटतात आणि खुन्याचं नाव सांगतात. वाचक पुस्तक मिटतो.

क्रम उलटा ठेवा. आधी शहराचे नियम आणि वेळ मोजायची रीत पक्की करा, मग खून त्या नियमांच्या फटीत बसवा. यासाठी पाटलिपुत्र सोयीचं, कारण कौटिलीय अर्थशास्त्रात रात्रीच्या संचारबंदीपासून शवपरीक्षेपर्यंत सगळं बारकाईनं लिहिलेलं आहे. दुसऱ्या अधिकरणाचा (भागाचा) ३६वा अध्याय आणि चौथ्या अधिकरणाचे ७वा व ८वा, एवढे तीन पाठ असले तरी कादंबरीभर पुरतात. मुंबई विद्यापीठानं १९६० ते १९६५ दरम्यान काढलेली कंगले यांची आवृत्ती हाताशी ठेवा.

एक पथ्य मात्र पाळा. अर्थशास्त्राचं आजचं रूप चंद्रगुप्तानंतर बऱ्याच काळानं सिद्ध झालं, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणून तुमच्या पात्रानं ग्रंथ उघडून श्लोक वाचून दाखवू नये. ‘आपल्याकडे रीत अशी आहे’ एवढं त्यानं म्हटलं की भागतं.

शोध घेणारा कोण?

अमात्य किंवा सेनापती नको. गोप घ्या. गोप म्हणजे दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांची नोंद ठेवणारा नगरातला छोटा अधिकारी. प्रत्येकाची जात, गोत्र, नाव, धंदा, मिळकत आणि खर्च त्याला ठाऊक असतो. कुणाचा खर्च मिळकतीपेक्षा वाढला हे त्याला सावकाराच्या आधी कळतं. त्याच्यावर ‘स्थानिक’ नावाचा अधिकारी, त्याच्यावर ‘नागरिक’ म्हणजे नगरप्रमुख. म्हणजे वरून दडपण आणायलाही माणसं तयार. अंतर्गृहात शिरायला गोपाला अडचण येते. तिथे परिव्राजिका, म्हणजे भटकी संन्यासिनी, कामाला येते. भिक्षेच्या निमित्तानं तिला माजघरापर्यंत वाट असते.

रात्रीचं गणित

चैत्रात आणि आश्विनात रात्र १५ मुहूर्तांची, म्हणजे ३० नालिकांची. एक नालिका २४ मिनिटांची. ती मोजायची ती भोक पाडलेल्या कुंभातून गळणाऱ्या एक आढक पाण्यावर. रात्र सुरू होऊन ६ नालिका झाल्या की तूर्य (इशाऱ्याचं वाद्य) वाजतं आणि रात्र संपायला ६ नालिका उरेपर्यंत फिरायला बंदी. राहिल्या १८ नालिका, म्हणजे ७ तास १२ मिनिटं. तुमचा खून याच अवधीत होऊ द्या, म्हणजे ‘त्या वेळी कोण कुठे होतं’ या प्रश्नाला आपोआप धार येते. कथा चैत्र-आश्विनाबाहेर नेलीत तर आकडे बदला. ग्रंथाच्या हिशेबात रात्र १२ ते १८ मुहूर्तांमध्ये कमीजास्त होते. पावसाळी खुनाला हिवाळ्याची रात्र चिकटवलेली चाणाक्ष वाचक लगेच पकडतो.

आता दंड पाहा. तूर्यानंतर राजवाड्याच्या आसपास पहिल्या किंवा शेवटच्या यामात (प्रहरात) सापडला तर सव्वा ‘पण’ (त्या काळचं नाणं). मधल्या यामात सापडला तर दुप्पट, अडीच पण. जागेनुसार तो चौपट, म्हणजे पाच पणही होतो. म्हणजे दंडाची रक्कमच वेळ आणि जागा सांगते! संशयित म्हणतो, ‘मी तूर्य वाजल्यावर लगेच पकडला गेलो, सव्वा पण भरला.’ त्याच्या बायकोच्या बोलण्यात मात्र अडीच पणांची कुरकुर येते. हा दुवा फुकट मिळालेला आहे, वापरा. फक्त दंडाचे दर वाचकाला दुसऱ्या प्रकरणातच, एखाद्या किरकोळ दारुड्याच्या निमित्तानं, सांगून ठेवा. उलगडा करताना पहिल्यांदा सांगितलेत तर ती फसवणूक होते.

बंदीतून सूट कुणाला? बाळंतपणासाठी निघालेल्यांना, वैद्याला, प्रेत नेणाऱ्यांना, दिवा घेऊन जाणाऱ्यांना, आग लागली म्हणून धावणाऱ्यांना आणि मुद्रा, म्हणजे परवान्याचा शिक्का, जवळ असणाऱ्यांना. खुनी यातलंच एखादं सोंग घेणार. लपूनछपून जखमेवर उपचार करून घेणाऱ्याची खबर वैद्यानं गोपाला किंवा स्थानिकाला द्यायची असते, नाहीतर तोही दोषी. त्यामुळे खुन्याला झटापटीत ओरखडा जरी आला, तरी त्याची पंचाईत होते.

प्रेत

समजा, हस्तिदंताचं काम करणारा कारागीर पहाटे आढ्याला लटकलेला सापडला. घरचे म्हणतात, गळफास. इथे ग्रंथातला आशुमृतक-परीक्षेचा, म्हणजे अचानक मेलेल्याच्या तपासणीचा, भाग शब्दशः उपयोगी पडतो. प्रेताला तेल लावून तपासायचं. मलमूत्र बाहेर आलेलं, पोटाची कातडी वाऱ्यानं फुगलेली, हातपाय सुजलेले, डोळे उघडे, गळ्यावर खूण: असं असेल तर गळा दाबून मारलेला. हीच लक्षणं असून शिवाय बाहू आणि मांड्या आखडलेल्या असतील तर फाशीनं मेलेला. फरक एवढाच आहे आणि तुमची कथा त्यावर उभी राहते. म्हणून चौथ्या पानावर शोकाच्या गर्दीत एक वाक्य पेरा: म्हातारी आई त्याचे सरळ पडलेले पाय चेपत बसली होती. पुढे जा, थांबू नका.

आजच्या वाचकाला एवढ्यानं पटणार नाही. त्याच्यासाठी वळाची दिशाही दाखवा. लटकलेल्या माणसाच्या गळ्यावरचा वळ सहसा कानामागे वर चढतो; मागून दोरी आवळली तर तो आडवा, गळ्याभोवती फिरतो. गोपाला कारण माहीत असायची गरज नाही. वळ दोरीच्या गाठीकडे जात नाही, एवढं त्याला दिसलं की पुरे.

आत्महत्येचा ठपका किती जड हेही ध्यानात ठेवा. रागानं किंवा वासनेपायी जीव देणाऱ्याचं प्रेत चांडाळाकडून दोरीनं राजमार्गावर ओढत न्यायचं, त्याला ना अंत्यविधी ना नातलगांची क्रिया, असं ग्रंथ सांगतो. म्हणजे खोट्या गळफासानं खुनी माणसाला दोनदा मारतो. आईच्या हट्टाला बळ इथून येतं.

विषाची परीक्षा जपून वापरा. मृताचं काळीज आगीत टाकलं आणि चिटचिट आवाज होऊन इंद्रधनुष्यासारखा रंग दिसला तर विष, असं सांगितलंय. वाचायला बहारदार, पण निर्णायक पुरावा म्हणून ठेवलंत तर कथा कोसळते. ती परीक्षा स्थानिकाला करू द्या आणि निरपराध स्वयंपाक्याला त्यात अडकवा.

खुनामागच्या रागाची कारणंही तयार मिळतात: स्त्री किंवा वारसाहक्काचा तंटा, धंद्यातली चढाओढ, शत्रुत्व, बाजारपेठ वा श्रेणीतलं (व्यावसायिकांच्या संघातलं) भांडण, नाहीतर एखादा दावा. चार संशयित, चार कारणं. पाचवा नको, वाचकाचा गोंधळ होतो.

चौकशी

तीन रात्री उलटल्यावर संशयिताला धरता येत नाही, हत्यारं-साधनं सापडली तरच धरता येतं. हे तुमचं घड्याळ. छळ करून कबुली घ्यायची मुभा आहे, पण लहान मूल, म्हातारा, आजारी, भुकेला किंवा थकलेला माणूस यातून वगळलेला. शिवाय चोर नसताना छळाच्या भीतीनं ‘मी चोर’ म्हणणाऱ्या मांडव्याचं उदाहरण ग्रंथातच आहे. म्हणून मधल्या प्रकरणात खोटी कबुली येऊ द्या आणि गोपाला ती पटू देऊ नका.

भाषा आणि ताट

निवेदनात ‘खून’ चालेल, संवादात नको. शब्द फारसी आहे. शिपाई, फिर्याद, गुन्हा हेही फारसी; कैद, जबाब फारसीतून आलेले अरबी. घात, हत्या, रक्षक, गाऱ्हाणं, अपराध, साक्ष हे शब्द घ्या. पण सगळ्यांच्या तोंडी ‘स्वामी, आज्ञा असावी’ घातलंत तर संगीत नाटक होईल. सामान्य माणूस प्राकृत बोलत होता. त्याला साधं, घरगुती मराठी शोभतं.

मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, काजू, शेंगदाणे हद्दपार. तिखटाला मिरी, पिंपळी, आलं. कागद नाही; भूर्जपत्र किंवा ताडपत्र.

शेवट अशोकाच्या काळात करणार असाल तर राज्याभिषेकाला २६ वर्षं झाल्यानंतरचं साल घ्या. त्या वर्षीच्या चौथ्या स्तंभलेखात मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली आहे, नातलगांना जीवदानासाठी विनवणी करता यावी म्हणून. निरपराध स्वयंपाक्याला शिक्षा होऊ द्या आणि अडीच पणांची ती कुरकुर गोपाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठवू द्या. पहिल्या दिवशी आठवली तर ताण राहत नाही, तिसऱ्या दिवशी आठवली तर नगराबाहेरच्या साक्षीदाराला आणायला वेळ उरत नाही.