केळशी ते दाभोळ किनाऱ्याने पायी निघताय? या चुका टाळा

सह्याद्रीत ट्रेक करणारी मंडळी किनाऱ्याकडे वळली की पहिली चूक घरीच करतात. नकाशा उघडायचा, किलोमीटर मोजायचे, दिवसांनी भागायचं. घाटवाटेवर हा हिशेब चालतो. इथे सकाळी सातला जिथे डांबरी रस्त्यासारखी घट्ट ओली वाळू असते, तिथेच दुपारी लाटा असतात आणि तुम्ही वरच्या भुसभुशीत वाळूत सॅकच्या ओझ्याने घोट्यापर्यंत रुतत असता.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या केळशीहून निघायचं, उटंबरचा डोंगर ओलांडून आडे, पाडले, आंजर्ले, मग हर्णै, मुरुड, कर्दे, लाडघर, कोळथरे करत दाभोळ गाठायचं. तीन-चार दिवसांची चाल. पहिल्या खेपेला मी शनिवार-रविवार बघून निघालो आणि कर्द्याच्या पुढच्या खडपात (किनाऱ्यावरच्या खडकाळ पट्ट्यात) भरतीने अडवला गेलो. वर चढून, करवंदीच्या जाळीतून ओरबाडत सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, पोचलो, तर तिथे गुरं घेऊन आलेले एक आजोबा म्हणाले, "पंचांग नाय काय रे तुमच्या घरात?"

तिथी न बघता निघणं

आजोबांचा हिशेब असा. तिथीची पाऊणपट करा, साधारण त्या वेळेला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दिवसात दोन भरत्या, म्हणून पहाटेचे तीन आणि दुपारचेही तीन. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, पण चालणाऱ्याला एवढं पुरतं. मोबाइलमध्ये भरती-ओहोटीचं वेळापत्रक असेल तर उत्तमच. उटंबरच्या कड्याखाली रेंज गेली की तिथीच उपयोगी पडते.

आता हाच हिशेब उलटा वापरा. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी पहाटे पाच-सहाला. पुढे रोज ती पाऊण तासाने उशिरा सरकते. तेव्हा चाल पौर्णिमेला किंवा अमावास्येला सुरू केली, तर चौथ्या दिवशीही सव्वासात-सव्वाआठपर्यंत पाणी उतरतंच असतं आणि सकाळची सगळी चाल घट्ट वाळूवर होते. अष्टमीला निघालात तर नेमकी भर दुपारी ओहोटी. उन्हात चालायची हौस असेल तर निघा. एक मात्र ध्यानात असू द्या: पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. पाणी जितकं खाली जातं तितकंच वर येतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती लहान असते तेव्हा, जे खडप कोरडं राहतं, ते उधाणात बुडतं.

अडकलातच तर पोहून वळसा घालू नका. उंच जागा धरा आणि पाणी उतरेपर्यंत बसा. फार तर चार-पाच तास जातील.

खाडी पायी ओलांडणं

समोर गुडघाभर पाणी दिसतं आणि मोह होतो. ओहोटीत खाडीच्या मुखाशी पाणी समुद्राकडे जोरात ओढत असतं आणि तळाला चिखल असतो. पूल लांब असला तरी पुलाने जा, नाहीतर होडीवाल्याला विचारा. दाभोळला वाशिष्ठीपलीकडे धोपाव्याला जायला फेरीबोट आहे. शेवटची फेरी कधी, हे सकाळीच विचारून ठेवा.

कोरड्या वाळूतून चालणं

ही चूक तुम्हाला कळतही नाही, पण सर्वात महाग पडते. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री वर येतात आणि भरतीच्या रेषेच्या वरच्या वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालतात. गावोगावचे कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात तो तिच्या मागासाठी. वल्ह्यांसारख्या पायांनी वाळू ढकलत गेल्याची रुंद, ट्रॅक्टरच्या चाकासारखी खूण. समुद्राकडून वर गेलेली एक, परतलेली एक. घरटं या दोहोंच्या मध्ये. चार जणांचा गट त्यावरून बूट वाजवत गेला की माग पुसला आणि घरटं हरवलं. मग ते कोल्ह्याला किंवा कुत्र्याला आधी सापडतं.

म्हणून ओल्या वाळूतूनच चाला. माग दिसला तर ओलांडू नका. बाजूला उभं राहून फोटो घ्या आणि गावात सांगा. तंबूही त्या पट्ट्यात नको, शेकोटी तर नाहीच. हर्णै-मुरुडपासून कोळथऱ्यापर्यंत घरगुती राहायची सोय होते, सोलकढीसकट. मग वाळूत झोपायचा हट्ट कशाला?

रात्री फिरायचंच असेल तर डोक्यावरची पांढरी बॅटरी बंद. मादी उजेड बघून अंडी न घालताच परत फिरते आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने, म्हणजे तुमच्याकडे, चालू लागतात.

पिल्लं 'ठरलेल्या दिवशी' बघायला जाणं

अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, वाळूच्या उष्णतेवर ते मागेपुढे होतं. केळशीच्या उत्तरेला वेळास आहे. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये कासवसंवर्धनाचं काम सुरू केलं. तिथल्या कासव महोत्सवाला येणारे पुष्कळ जण 'आज पिल्लं नाहीत' ऐकून रुसतात. एकच रात्र मुक्काम ठरवून आलात तर ती जोखीम आहेच. पायी जाणाऱ्याचं बरं असतं. वेळासला चुकलं तर आंजर्ल्याला दिसेल.

सगळ्याच घारी, सगळेच मासे समजणं

तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची ती ब्राह्मणी घार, हर्णै बंदरावर डझनाने. समुद्री गरुड तिच्याहून बराच मोठा, पोट शुभ्र, शेपूट आखूड पाचरीसारखी, आणि तरंगताना पंख वर उचललेले. बंदराच्या गर्दीत शोधत बसू नका. गावाबाहेरच्या उंच, जुन्या झाडांवर काटक्यांचा मोठा ढीग दिसला तर थांबा. तेच घरटं तो वर्षानुवर्षं वापरतो. झाडाखाली जाऊन ड्रोन उडवणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

डॉल्फिन सकाळी बघा, मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा असताना. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की पाण्यावर पांढरे फेस उठतात आणि प्रत्येक फेसात डॉल्फिन दिसू लागतो. इथले बहुतेक पाठीवर कुबड असलेले. उड्या मारण्यापेक्षा पाठ दाखवून बुडणारे. कड्यावर बसून अर्धा तास शांतपणे पाहिलं तर होडीच्या पैशांत जेवण होतं. होडीत बसलातच तर 'जवळ घ्या' म्हणू नका. पाठलाग केला की ते बुडी मारून लांब जातात.

चिखल्या, सुरय या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या थव्यात पळत जाऊन फोटो काढणंही बंद करा. हजारो मैलांवरून आलेले असतात बिचारे.

मेलेलं समजून हात लावणं

जाळ्यातून फेकलेला समुद्रसर्प वाळूत निपचित पडलेला असतो. तो विषारी असतो आणि बऱ्याचदा जिवंतही. उथळ पाण्यात पाय घासत चाला, म्हणजे पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतं. त्याचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा.

जाळ्यात गुरफटलेलं किंवा जखमी कासव दिसलं तर 'सोडून देऊ' म्हणून पाण्यात ढकलू नका. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका, पुढचे पाय धरून ओढू नका आणि वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. पुढच्या पायावर अभ्यासकांनी लावलेली, आकडा कोरलेली धातूची पट्टी आहे का, तेही पाहा. ओडिशात पट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली, ती केवळ कोणीतरी आकडा वाचला म्हणून. पट्टीचा स्पष्ट फोटो काढा, ओली वाळू बोटाने पुसून.