लव्हक्राफ्टची गोष्ट आपल्या शिवारात कशी शूट करायची

दोन पावसाळ्यांपूर्वी आम्ही बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एका शेतात पहिली शॉर्टफिल्म केलती, लव्हक्राफ्ट ह्या अमेरिकन भयकथा लेखकाच्या 'द कलर आऊट ऑफ स्पेस' ह्या गोष्टीवर, आणि ती फसली. कॅमेऱ्यामुळं नाही, पैशामुळं पण नाही, तर आम्ही भुताला कारण दिलं म्हणून. ते नंतर कळलं, दुसऱ्यांदा लिहायला बसलो तेव्हा. ज्यांना असलं काही करायचंय त्यांच्यासाठी सगळं क्रमानं सांगतो.

१. आधी गोष्ट निवडा आणि हक्काचं बघून घ्या

लव्हक्राफ्ट १९३७ ला वारला. आपल्या देशात लेखक गेल्यावर ६० वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे त्याच्या हयातीत छापून आलेल्या गोष्टी आपल्याला मोकळ्या आहेत. पण मूळ गोष्ट मोकळी असली तरी तिच्यावर दुसऱ्यांनी काढलेले सिनेमे मोकळे नसतात, त्यांनी घातलेला सीन उचलायचा नाही, आणि कुणी मराठी अनुवाद केला असेल तर त्यातली वाक्यं पण नाहीत. मूळ वाचा, स्वतः लिहा.

समुद्रातले राक्षस, बर्फाखालची शहरं असल्या गोष्टी सोडा, आपल्याला झेपत नाहीत. शेत, घर, विहीर, नदी एवढ्यात बसणारी घ्या. चिकोडी, सदलगा, येडूर भागातले असाल तर अल्जर्नन ब्लॅकवूड ह्या इंग्रज लेखकाची १९०७ ची 'द विलोज' बघा, डॅन्यूब नदीच्या पुरात वाळूच्या बेटावर अडकलेली दोन माणसं आणि रात्रीत कमी कमी होत जाणारं बेट. कल्लोळ-येडूर पूल पाण्याखाली जाताना ज्यांनी बघितलाय त्यांना ती गोष्ट समजावून सांगायला लागत नाही. ब्लॅकवूड १९५१ ला गेला, म्हणजे ती पण मोकळी.

२. कारण खोडून टाका

सगळ्यात अवघड काम हेच. आपल्याकडचं भूत म्हणजे त्याला पत्ता असतो. मुंजा पिंपळावर, हडळ बाळंतपणात गेलेली, खवीस कुठल्या वाटेवर ते गावाला माहीत. त्याला काहीतरी पाहिजे असतं, आणि पाहिजे असतं म्हणूनच उतारा टाकता येतो, कोंबडं देता येतं, नारळ फोडता येतो. म्हणजे भीतीतसुद्धा एक व्यवहार आहे, बोलणं चालू आहे. लव्हक्राफ्टच्या गोष्टीत तेच नाही. १९२७ साली छापलेल्या 'द कलर आऊट ऑफ स्पेस'मध्ये शेतकऱ्याच्या विहिरीजवळ उल्का पडते, तिच्यातून काहीतरी मातीत उतरतं, पाण्यात उतरतं, दीडेक वर्षात झाडं, जनावरं, माणसं सगळी करडी होऊन चुरा होतात. त्या घरानं कुणाचं वाईट केलेलं नाही, कुठला नवस चुकलेला नाही. आलेल्याला हे घर कुणाचं हे माहीतच नाही.

आम्ही काय केलं, तर शेतकऱ्याच्या बापानं भावकीची जमीन लाटलेली असा फ्लॅशबॅक घातला. बघणाऱ्यांना बरं वाटलं, आणि घाबरलं कुणीच नाही. केलं तसं भोगलं म्हटलं की माणूस निवांत झोपतो. म्हणून स्क्रिप्ट झाली की लाल पेन घ्या आणि "कारण", "कारण की", "म्हणून" ज्या ज्या डायलॉगमध्ये येतंय तो काढा.

दुसऱ्यांदा लिहिताना त्या फ्लॅशबॅकच्या जागी आम्ही कौलाचा सीन घातला. घरचे देवळात जातात, गुरव देवाला पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पाकळी पडतच नाही. तासभर सगळे बसतात, दिवे लागायची वेळ होते, दोन्ही पाकळ्या तशाच चिकटून. देव रागावलेला नाही, देवालाच ह्यातलं काही माहीत नाही असं वाटतं. आमच्या फिल्ममध्ये सगळ्यात जास्त टरकवणारा सीन तोच झाला, आणि खर्च शून्य.

३. पीक आपलं घ्या

मूळ गोष्टीत सफरचंदं आणि नासपती फुगतात, चमकतात आणि कडू निघतात. आपण रताळी घ्यायची. बेळगावच्या पश्चिमेला आणि खानापूरकडं रताळी म्हणजे घरचं पीक, काढणी नवरात्रीच्या उपवासाला गाठून करायची धडपड असते. कोहळ्याएवढी रताळी निघतात, घरात आनंद, बाप हिशोब घालतोय, पोरगा फोटो काढून पाठवतोय, आणि आईच्या उपवासाच्या ताटात पहिला घास कडू. ती थुंकत नाही, उपवासाचं अन्न आहे म्हणून गिळते. हा आनंद पूर्ण दाखवा, घाई करू नका, पाच मिनिटं द्या त्याला.

४. जो रंग नाही तो दाखवायचा कसा

गोष्टीत म्हटलंय की तो रंग माणसाला माहीत असलेल्या कुठल्याच रंगासारखा नाही. सिनेमावाले इथंच अडकतात. २०१० च्या एका जर्मन सिनेमात सगळं ब्लॅक अँड व्हाईट ठेवून फक्त त्या गोष्टीला रंग दिला. २०१९ च्या अमेरिकन सिनेमात मजेंटा, म्हणजे गडद गुलाबी-जांभळा, वापरला आणि त्यात डोकं आहे, कारण मजेंटा इंद्रधनुष्यात नाहीच, लाल आणि निळा एकदम डोळ्यात शिरले की मेंदू तो स्वतः बनवतो. दोन्ही चांगलं, पण कॉपी नको.

आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, डोळ्याला काही दिसत नाही पण स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकतो, ती इन्फ्रारेड. मागच्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा फिल्टर असतो म्हणून तिथं दिसेलच असं नाही. स्क्रिप्टमध्ये असं बसवलं की पोरगा रात्री विहिरीत बघतो तर अंधार, मोबाईल धरतो तर उजेड. परत डोळ्यानं बघतो, अंधार.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. हिरव्या रंगाकडं अर्धा मिनिट टक लावून बघा आणि मग पांढऱ्या भिंतीकडं बघा, गुलाबीसर डाग दिसतो, भिंतीवर नसलेला. एडिटिंग करताना दोन-तीन मिनिटांचा सीन हळूहळू हिरवट करत न्या, बघणाऱ्याला कळणार नाही इतका हळू, आणि मग एकदम साध्या करड्या शॉटवर कट मारा. जो रंग दिसतो तो तुमच्या एकाही फ्रेममध्ये नाही, तो बघणाऱ्याच्या डोळ्यात आहे. अंधाऱ्या हॉलमध्ये हे चांगलं चालतं, उन्हात मोबाईलवर बघणाऱ्याला फार जाणवत नाही, तेव्हा पहिला शो गावच्या हॉलमध्ये लावा.

५. राख, विहीर, आवाज

करडं शेत करायला खानापूरकडच्या वीटभट्टीवर भाताच्या तुसाची राख मागा. हलकी असते, पायाखाली उडते, रंग तंतोतंत मेलेला. फक्त मास्क लावा सगळ्यांनी, त्या राखेत सिलिका असते, छातीला वाईट. सुगी झाल्यावर शूट ठेवा, पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडं कॅमेरा बाहेर काढायची सोय नाही आणि ओली राख म्हणजे चिखल.

विहिरीत लाईट सोडायची तर बॅटरीवरचीच, बरणीत बंद करून. घरातनं वायर ओढू नका. कठड्याजवळ एक माणूस फक्त सांभाळायला ठेवा. जंगलातला शॉट पाहिजे असेल तर भीमगड अभयारण्य आहे, वनखात्याला आधी विचारा.

घुमणारं म्युझिक टाकू नका, मोबाईलच्या स्पीकरला खालचा आवाज झेपतच नाही. त्यापेक्षा सुरुवातीपासून रातकिडे भरपूर ठेवा आणि एका रात्री ते नाहीत एवढंच करा.

६. भाषा

मूळ गोष्ट सांगणारा धरणासाठी मोजणी करायला आलेला सर्व्हेअर आहे, आणि त्याला ती सांगतो एक म्हातारा शेजारी. आमचा सर्व्हेअर कन्नड बोलणारा, म्हातारा मराठी. आज्जा म्हणा की अज्जा, दोघांना कळतंय, पण मधले शब्द निसटतात, म्हातारा "करपलं" म्हणतो आणि सर्व्हेअर आग लागली समजतो. ह्या निसटण्यात भीती वाढते. मात्र सर्व्हेअरला व्हिलन करू नका. लव्हक्राफ्ट माणूस म्हणून वंशद्वेष्टा होता, परका माणूस म्हणजेच धोका हे त्याच्या बऱ्याच गोष्टींत आहे, ते आपल्याला नको. आपल्या सीमाभागात भाषेवरून पुरेसं सोसून झालंय. माझ्या फिल्ममध्ये शेवटी त्या म्हाताऱ्याचा हात धरून बसलेला सर्व्हेअरच असतो.

७. शेवट

मूळ गोष्टीत ती करडी जमीन धरणाखाली जाणार असते आणि सर्व्हेअर ठरवतो की त्या धरणातनं शहराला येणारं पाणी कधी प्यायचं नाही. धरणाचं नाव मात्र खरं घेऊ नका, बेळगावला पाणी देणारं राकसकोप म्हटलं की दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर बातमी म्हणून फिरतो आणि आख्खं बेळगाव पाणी उकळत बसतं. नुसतं "धरण" म्हणा.

शेवटचा शॉट शहरातल्या साध्या स्वयंपाकघराचा ठेवा, हिरवट सीनच्या लगेच पुढं. करडी भिंत, नळ, खाली तांब्या. पाणी वाहतंय, भिंतीवर तो गुलाबीसर डाग आपोआप येईल. तांब्या भरला की कट. कुणी प्यायलेलं दाखवायचं नाही.